चाळलेली माती

गल्लीत त्यांना टापटीपराव म्हणत, आणि लोक कौतुकाने म्हणतात असा त्यांचा ठाम समज होता. सकाळी उठल्याबरोबर फाटकाशी उभं राहायचं, समोरच्या घरांवरून नजर फिरवायची, नाक मुरडायचं आणि मग चहा घ्यायचा, हा त्यांचा नित्यनेम. कोणाच्या भिंतीचे पोपडे निघालेत, कोणाच्या दारात चपलांचा ढीग पडलाय, हे पाहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनाही त्यांनी दारातच थांबवून पाय धुवायला लावले होते. लोक रडायला आले होते, ते आधी नळाशी रांग लावून उभे राहिले.

सगळ्यात जास्त राग शेजारच्या गॅरेजवर. तिथली जमीन तेलाने काळी झालेली, टायरांची चळत लावलेली, आणि मेकॅनिक कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी खुशाल हसत असायचा. अशा हातांनी माणूस हसू कसा शकतो, हे टापटीपरावांना कोडंच होतं.

स्वतः टापटीपराव मोठाली यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या रंगखात्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. दुकानातला रंग म्हणजे त्यांच्या मते रंगीत पाणी. खरा रंग कारखान्याचा. खाली शेंदरी अस्तर, वर पिवळा नाहीतर हिरवा, मग ऊन लागो की पाऊस. ते डबे घरी कसे यायचे हे मात्र विचारायचं नाही. टापटीप माणूस चोरी करत नसतो, तो फक्त उरलेलं उचलतो. निवृत्तीनंतरही माळ्यावर डब्यांची रांग शिस्तीत उभी होती.

रंग पक्का होता, पण मालकाला धीर नव्हता. कुठे जरा डाग दिसला की खिडक्या, दारं, कठडे सगळं पत्र्याने खरवडायचं, पॉलिश पेपरने घासायचं आणि पुन्हा रंगवायचं. रंगाची भुकटी उडायची, पण तिचा कण वाटेवर राहू द्यायचा नाही. सगळी खराट्याने गोळा करून भिंतीलगतच्या वाफ्यात लोटायची, वरून पाणी मारायचं, की वाट आरशासारखी लख्ख. असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि वाफ्याची माती काही तक्रार करत नव्हती.

घरात मुलगा, सून आणि नात. नात एकदा मेकॅनिकच्या बायकोबरोबर तिकडच्या अंगणात खेळली आणि फ्रॉकला काळा डाग घेऊन आली. टापटीपरावांच्या अंगाची लाही लाही झाली.

"त्या उकिरड्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही," त्यांनी सुनेला बजावलं. "पोरीला खेळायला मी जागा करून देतो."

आणि दिली. खिडकीखालचा वाफा उकरला, माती चाळणीने चाळली. खडा नाही, काटकी नाही, हाताला पिठासारखी लागेल अशी माती. नात त्यात भातुकली मांडून आजोबांना वाढायची आणि चिमूटभर स्वतःच्या तोंडातही टाकायची. टापटीपरावांनी एकदा ते पाहिलं, पण चाळलेलीच तर आहे, म्हणून हसून सोडून दिलं. मनातून तर त्यांना अभिमानच वाटला. एवढी स्वच्छ माती गल्लीत कोणाच्या पोराच्या नशिबी होती?

पुढे नातीचं पोट दुखायला लागलं. ती फिकी पडली, किरकिर करू लागली, पाठ असलेली गाणी विसरू लागली. टापटीपरावांनी खापर सुनेवर फोडलं.

"स्वयंपाकघरात स्वच्छता नाही. जंत झाले असतील, दुसरं काय?"

सून मुलीला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. औषधाने थोडं कमी होईल, पण येतंय कुठून ते बंद झालं नाही तर मुलगी मागे पडेल, आणि गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मुलगा तोंड उघडणार, तोच टापटीपराव म्हणाले, "गॅरेज."

माती तपासणाऱ्या बाई आल्या त्या त्यांच्याच तक्रारीवरून. टापटीपराव नाकाला रुमाल लावून त्यांना स्वतः गॅरेजात घेऊन गेले आणि इथून घ्या, तिथून घ्या, जरा खालून घ्या, असं सांगत राहिले. मेकॅनिक हात पुसत बाजूला उभा होता.

"घ्या हवी तेवढी," तो म्हणाला. "लेकरू आजारी आहे. आमच्यामुळे असेल तर आम्हालाही कळू दे."

साळसूदपणाचा आव, टापटीपरावांनी मनात म्हटलं.

मग बाई त्यांच्या खिडकीखाली वाकल्या.

"इथली कशाला?" टापटीपराव हसले. "इथली चाळलेली आहे."

बाईंनी तरीही पिशवी भरली. कठड्याचा एक पोपडा नखाने काढून त्यांनी विचारलं, "हा रंग कुठला?"

"कारखान्याचा," टापटीपरावांची छाती फुगली. "असा आता मिळत नाही."

निकाल घेऊन बाई आल्या तेव्हा सगळे ओट्यावर जमले होते. गॅरेजात तेल आहे, तेही काही चांगलं नाही, पण मुलीच्या रक्तात आहे ते तिथलं नाही, असं त्यांनी सांगितलं. शिसं खिडकीखालच्या वाफ्यात होतं, खच्चून भरलेलं. ते खरवडलेल्या रंगातून आलं होतं.

"आणि माती बारीक केलीत," त्या म्हणाल्या, "त्यामुळे ती हाताला जास्त चिकटली, तोंडात जास्त गेली."

मग सुनेने अगदी हळू विचारलं, "बाबा, चाळलीत कशाने?"

"पिठाच्या चाळणीने."

"आणि नंतर?"

"धुऊन जागच्या जागी ठेवायचो," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जागच्या जागी ठेवल्याची लाज वाटली.

सून उठली, स्वयंपाकघरातली चाळणी आणि पिठाचा डबा बाहेर आणून ठेवला आणि मुलीचे कपडे भरायला घेतले. वाफा खणून नेईपर्यंत आणि घर आतून पुसून होईपर्यंत मुलीने तिथे राहायचं नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. मेकॅनिकच्या घरावर एक खोली रिकामी होती. त्याच्या बायकोने ती न मागता उघडून दिली.

टापटीपरावांनी काही दिवस काढले. फाटकाशी उभं राहायचं, पण समोरच्या घरांकडे बघावंसं वाटेना. पलीकडून नातीचा आवाज यायचा. ती एखादं गाणं म्हणायची, मध्येच अडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ते गाणं तिला त्यांनीच शिकवलं होतं. शेवटी न राहवून ते स्वच्छ धुतलेला सदरा घालून शेजारी गेले.

मेकॅनिकच्या बायकोने त्यांना दारातच थांबवलं. बोलणं अदबीचं होतं, पण ती बाजूला सरली नाही.

"काका, राग मानू नका," ती म्हणाली. "तिकडची धूळ आत आणायची नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. चपला तिथेच राहू द्या आणि आधी पाय धुवा."

आत नात बसली होती. तिने आजोबांना पाहिलं आणि नळाकडे बोट दाखवलं. टापटीपराव नळाशी वाकले आणि बराच वेळ पाय धूत राहिले.