सही करायला गेले आणि कागद घेऊन परत आले

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी मी दिग्रसहून यवतमाळच्या एसटीत खिडकीशी बसले होते. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात करारावर सही करायला निघाले होते... आणि पर्समधल्या त्या कराराचं एक पानही धड वाचलेलं नव्हतं.

बाहेर कपाशी फुटली होती. धुकं कुठे संपतं आणि कापूस कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. त्या पांढऱ्या उजेडात बस तरंगत चालल्यासारखी वाटत होती, आणि मी मनातल्या मनात ऑफिसमधलं माझं टेबल मांडत होते... खिडकीजवळ, वर पंखा, बाजूला पाण्याची बाटली.

माझं काम असं, की जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या, मशीनचा एखादा पार्ट झिजला की त्याची मापं घेऊन कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करून द्यायचं. सात वर्षं घरूनच करतेय, दिग्रसमधल्या तीन-चार जिनिंगवाल्यांसाठी. काम बरं चालतं, पण लग्नकार्यात कुणी ‘कुठे असता?’ विचारलं की माझं उत्तर उगाच लांबत जातं.

हा कारखाना असेच पार्ट बनवतो. त्यांनी वर्षाचा करार देऊ केला होता, पद ‘डिझाइन सल्लागार’. आईने शेजारी सांगूनही टाकलं होतं, पोरीले नोकरी लागली म्हणून.

मी पोचले तेव्हा मालक केबिनमध्ये फोनवर होते. हिशेब बघणाऱ्या काकांनी दोन प्रती समोर ठेवल्या, पेन दिलं. मी कोपऱ्यात तारीख लिहिली, तेवढ्यात काकांनी हळूच विचारलं, “सातवं पान वाचलं का?”

मी मान हलवली... नाही.

त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. केबिनच्या काचेकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “या पेनातली शाई संपली वाटते. कागद घरी घेऊन जा, उद्या या. साहेबांले मी सांगतो.”

मी लिहिलेली तारीख निळीशार दिसत होती. तरी मी कागद पर्समध्ये घातले आणि उठले.

परतीच्या बसमध्ये करार पहिल्यापासून वाचला आणि सातव्या पानावर थांबले. पुढेमागे कुठल्याही सरकारी खात्याने हे काम म्हणजे नोकरीच होती असं ठरवलं, तर मागचा सगळा कर, पीएफ आणि दंड सल्लागाराने भरायचा... सल्लागार म्हणजे मी. बाहेर तीच शेतं होती, पण मला वाटेतलं दारव्हा कधी गेलं तेही कळलं नाही.

दिग्रसला उतरून थेट मीनाताईकडे गेले. माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न तीच भरते. रोज बंजारा तांड्यावरून स्कूटीने येते, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कागदाकडे बघते.

“यायची-जायची वेळ कोणाची?”

“त्यांची. दहा ते सहा.”

“रजा लागली तं?”

“त्यांना विचारून.”

“अन् जिनिंगवाल्यांचं काम?”

“बंद करायचं. तसं लिहिलंय.”

“मंग तू सल्लागार कशी वं?” मीनाताईने पहिल्यांदाच वर बघितलं. “कागदावर नाव काहीबी लिहू देत. काम खरोखर कसं चालते, ते पाह्यतात. आता कायदे बदलून राह्यले, करातले बी अन् कामगारांचे बी. आमची कलमं पाठ होती, त्यायचे नंबरही बदलले. उद्या काय निघंल, मलेच पुरतं माहीत नाही. अन् तू ते सारं आजच डोक्यावर घेऊन राह्यली.”

मग तिने मला मालकांना विचारायचे प्रश्न कराराच्या मागेच लिहायला लावले. टीडीएस पगार म्हणून कापणार की फी म्हणून? जीएसटी लागला तर तो ठरलेल्या रकमेच्या आत की वर? वर्षात नियम बदलला तर परत बसून बोलायचं की नाही? आणि मला मध्येच काम सोडायचं झालं तर?

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर बसले, मागचे प्रश्न वाचून दाखवले आणि सातवं पान पुढे केलं. हे काम गेलं तर आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी सातवं पान एकदा वाचलं... मग परत वाचलं.

“हे मी पण वाचलं नव्हतं,” ते म्हणाले. “एका ओळखीच्यानं फॉरमॅट पाठवला, आम्ही नाव बदलून छापला.” त्यांनी पान बाजूला ठेवलं. “असं करा... नोकरी पाहिजे असंल तं नोकरी देतो, पीएफसकट. नाहीतं मोकळं काम करा, ड्रॉइंगप्रमाणे. दोन दिवसांनी सांगा.”

ते दोन दिवस मी गच्चीत बसून काढले. ‘पोरीले नोकरी लागली’ हे आईचं वाक्य आणि सात वर्षं मनाला येईल तेव्हा उघडलेला कॉम्प्युटर... दोन्ही आलटून पालटून बघत. शेवटी मोकळं काम निवडलं. आईने दिवसभर शेजारी जाणं टाळलं, संध्याकाळी मात्र चहा करून वर घेऊन आली.

नवा करार दोनच पानांचा झाला. वेळेची अट नाही, बाकीची कामं चालू, आणि फीवरचा टीडीएस, जीएसटी सगळं स्पष्ट लिहिलेलं. ते सातवं पान गेलं.

सही केली त्या दिवशी काकांनी शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. वर बघितलं नाही. तिथे आभार मानले असते तर मालकांना कळलं असतं, आणि काका तिथे नोकरीला होते.

गेल्या महिन्यात काका रिटायर झाले, म्हणून आज लिहितेय. ते फेसबुकवर नाहीत, पण त्यांची मुलगी माझ्या यादीत आहे... ताई, बाबा दुपारचे निवांत बसले असतील तेव्हा एवढं त्यांना वाचून दाखवशील?