नळाच्या दिवशी समुद्र

आमच्या शहरात रविवार दोन प्रकारचे असतात, नळाचे आणि बिननळाचे. बिननळाच्या रविवारी माणसं लग्नांना जातात, दौलताबादला जाऊन पेरू खातात, दुपारी पंखा लावून घोरतात. नळाच्या रविवारी घरातलं एक माणूस घरी थांबतं म्हणजे थांबतंच. पाणी सहा-सात दिवसांनी येतं, तासभर टिकतं, आणि त्या तासात हौद भरला नाही तर पुढचा सगळा आठवडा एकमेकांच्या आंघोळीवर डोळा ठेवत काढायचा. तेव्हा आमच्या लेकीचा सिनेमा नेमका नळाच्या रविवारी आला, यात नवल नव्हतं. आमचं नशीब अशा बाबतीत कधी उशीर करत नाही.

सिनेमा समुद्रातल्या बोलणाऱ्या प्राण्यांचा होता. कार्टूनचा, हिंदीत केलेला, डोळ्यांना थ्रीडी चष्मा लावून बघायचा. लेक सात वर्षांची होती. त्याची जाहिरात तिनं माझ्या फोनवर इतक्यांदा लावली, की एक छोटी ऑक्टोपस असते, एक म्हातारा खेकडा असतो आणि दोघं मिळून हरवलेल्या देवमाशाला शोधायला निघतात, हे अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं. पहिल्या रविवारी तिला ताप आला. दुसऱ्या रविवारी ताप उतरला होता, पण अंगात त्राण नव्हतं. तिसरा रविवार शेवटचा. सोमवारी सिनेमा थिएटरातून उतरणार होता. साडेबाराच्या खेळाची चार तिकिटं काढली, कारण लेकीची एकच अट होती, आबा पाहिजेत.

आबा म्हणजे माझे सासरे. घरात सगळेच त्यांना आबा म्हणतात. दौलताबादच्या पलीकडे आमची थोडी शेती आहे. सासूबाई गेल्यावर ती धाकट्या दिरानं कसायला घेतली आणि आबा आमच्याकडे राहायला आले. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्टला, मी शाळेत, लेक तिच्या शाळेत. दिवसभर रिकाम्या घरात बसून आबा पार कोमेजून गेले. मग एक दिवस त्यांनी आमचा नळ ताब्यात घेतला. लाइनमन कधी येतो, कोणत्या गल्लीला आधी पाणी सोडतो, कुणाची मोटर किती ओढते, हे महिन्याभरात त्यांना तोंडपाठ झालं. नळाच्या दिवशी ते सकाळपासूनच धोतर खोचून हौदापाशी खुर्ची टाकून बसत. पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, मग प्यायचे हंडे, मग हौद. मध्येच कुणी बादली पुढे केली तर त्याची खैर नसे. माझा स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकते, पण त्या तासाभरात मीसुद्धा मांजर व्हायची.

संध्याकाळी लेक त्यांना सिनेमाची गोष्ट सांगत बसे. आबांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. एकदा गावातल्या मंडळींबरोबर एसटीनं कोकणात जायचं ठरलं होतं, पण तेव्हा गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं होतं.

"तिथं पाणी रोज असतं का?" आबा विचारत.

"रोज! चोवीस तास!"

"आन् कुणी भरून घेत नाय?"

"खारट असतं ना, आबा."

"मंग बराबर हाये. न्हायतर ठिवलं असतं व्हय कुणी!"

आणि शनिवारी संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला. उद्या दुपारी बारा ते एक पाणी येईल, सर्वांनी नोंद घ्यावी.

रविवारी सकाळी आबांनी नेहमीसारखी खुर्ची टाकली आणि म्हणाले, "तुमी जा. मी थांबतो." त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता. लेक रडली असती तर मी समजूत काढली असती. ती रडली नाही. तिनं पायातले नवे बूट काढले, शेजारीशेजारी नीट ठेवले आणि हौदाच्या झाकणावर मांडी घालून बसली. "मग मी पण नाही जाणार."

नवरा इस्त्रीचा शर्ट घालून दारात आला. त्यानं झाकणावरची लेक पाहिली, खुर्चीतले आबा पाहिले. "चल बेटा," तो म्हणाला. "आबा नाही यायचे. मला माहितीये."

हे 'मला माहितीये' कुठून आलं, ते मला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून मी ते ऐकत आले आहे. नवरा चौथीत असताना गावच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यानं कोळीनाच केला होता. ज्या गावात ओढ्यालासुद्धा चार महिनेच पाणी, तिथं डोक्याला लाल रुमाल बांधून आठ पोरं पुठ्ठ्याची होडी वल्हवत होती. हा सगळ्यात पुढे होता. नाचताना तो सारखा गर्दीत आबांची टोपी शोधत होता. टोप्या सगळ्याच पांढऱ्या, पण आबांची एका अंगाला कललेली असते, ती लांबून ओळखू येते. ती दिसली नाही. त्या संध्याकाळी शेतात लाइट आली होती आणि विहिरीवर पाळी आमची होती. आबांनी नंतर कधी विचारलं नाही, यानं कधी सांगितलं नाही. पण मला मात्र वर्षातून एकदा तरी ऐकवायचाच.

माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. मी बोलून गेले, "आबा, यांच्या कोळीनाचाला आला नाहीत तुम्ही, ते हे अजून विसरले नाहीत. आता नातीलाही तेच लक्षात ठेवायला लावता का?"

नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. आबांनी झाकणावरच्या नातीकडे पाहिलं. म्हणाले, "म्हाईत हाये मला. गव्हालाच पाणी व्हतं." मग ते उठले, खोचलेलं धोतर सोडलं, खिळ्यावरची गेटची किल्ली घेतली आणि तरातरा समोरच्या घराकडे निघाले.

समोर काकू राहतात. एकट्याच. त्यांचे यजमान तहसील कचेरीत कारकून होते. काकूंची आणि माझी चार महिने बोलाचाल बंद होती. कारण मोटर. नळाला मोटर लावू नये हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांनी लावली आहे. आमचीही आहे. पण काकूंची आमच्या दुप्पट ताकदीची, ती सुरू झाली की आमच्या नळाला नुसती हवा. ऐन मे महिन्यात मी भर गल्लीत त्यांना म्हणाले होते, "तुमच्या एकटीला काय तळं राखायचंय का?" तेव्हापासून त्या मला पाहून खिडकी लावून घेत.

आणि आबा त्यांच्याच हातात किल्ली देत होते!

"ताई, आमी पिच्चरला चाललो," आबा सांगत होते. "पाणी आलं तर आमची पाळी, आमचं बारं तुमी धरा. पाच मिन्टं गढूळ सोडून द्या, मंग हौद."

काकूंनी किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. "बरं," म्हणाल्या. एवढंच.

गाडीत मी धुमसत होते. "अहो आबा, त्या आधी स्वतःचा भरतील. आपला कशाला भरतील?"

"सूनबाई, आमच्या इहिरीत तीन हिस्सेदार. कोर्टात भांडलो, एकामेकाच्या लग्नाला गेलो नाय. पण म्या आजारी पडलो तव्हा माझं बारं त्यातल्याच एका चुलतभावानं धरलं. पान्याच्या पाळीत भांडण आनत नसतेत."

मी म्हटलं, ही विहीर नव्हे, ही आमची गल्ली आहे. पण मनातच म्हटलं. मागे लेक आबांच्या मांडीवर जवळजवळ उड्या मारत होती. क्रांती चौकाचा सिग्नल लागला तेव्हा तिनं शेजारच्या रिक्षावाल्याला ओरडून सांगितलं, "आम्ही समुद्र बघायला चाललोय!" रिक्षावाला म्हणाला, "हमारे लिए भी एक बकेट लाना!" आणि आबा खो-खो हसले. घरात राहायला आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

थिएटरमध्ये आबांनी आपल्या जाड भिंगांच्या चष्म्यावर तो काळा चष्मा चढवला, वर टोपी. लेक म्हणाली, "आबा, तुम्ही हिरो दिसताय." दिवे गेले. पडदा सगळा काळा. चित्र काहीच नाही, नुसता आवाज. आधी दुरून, मग जवळ, एखाद्या चिंचोळ्या जागेतून पाणी घुसावं तसा फसफसणारा, घुमणारा आवाज.

आबा ताडकन उभे राहिले. "आलं! आलं पानी! मोटर लावा रं!"

मग जे हसणं फुटलं, ते मी जन्मात विसरणार नाही. लाजायचं की हसायचं ते मला कळेना. पण बाहेरगावचं कोण होतं तिथं? सगळे आमचेच, आठवड्याला नळ येणारे. मागून कुणीतरी ओरडलं, "बाबा, आमच्या गल्लीत बी आलं का बघा जरा!" दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, "हंडे आनू का?" आबा बिचारे ओशाळून बसले, आणि त्याच वेळी पडदा उजळला. निळाच निळा समुद्र आमच्या अंगावर आला आणि हसणारं सगळं थिएटर एकदम 'ओऽऽ' म्हणालं.

पुढचे दोन तास मी पडद्याकडे कमी आणि आबांकडेच जास्त पाहिलं. मासे जवळून गेले की ते हात पुढे करत, बोटं मिटत आणि रिकामी मूठ उघडून बघत. खेकडा आल्यावर तर त्यांना ओळखीचं माणूस भेटलं. "हे आपल्या वढ्यातलंच बेनं!" तो म्हातारा खेकडा आपलं बीळ सोडायला तयार नसतो, भरती आली की बिळात वाळू शिरते म्हणून. ऑक्टोपस त्याला परोपरीनं विनवते. "बराबर हाये त्याचं," आबा मोठ्यांदा म्हणाले. "बीळ कोन सांभाळील?" लेक म्हणाली, "आबा, श्शू!" शेवटी खेकडा बीळ सोडून तिरका तिरका धावत सुटला, तेव्हा पोरं उभी राहून ओरडू लागली. आणि त्या पोरांत एक धोतरवाला होता. "डाव्या अंगानं! अरं डाव्या अंगानं जा, मासा तिकडं हाये!" सगळी रांग त्यांच्यामागे ओरडली, "डाव्या अंगानं!" नवरासुद्धा. मीसुद्धा. देवमासा सापडला तेव्हा माझा घसा बसला होता आणि आबा चष्म्याखालून डोळे पुसत होते.

"केवढं पानी," ते बाहेर येताना म्हणाले. "तिला दावायला पायजे व्हतं." तिला म्हणजे सासूबाईंना. मी त्यांचा हात धरला. ते राहायला आल्यापासून चार वर्षांत कधी धरला नव्हता.

गल्लीत शिरताच मला हौद आठवला. गाडी थांबायच्या आत मी उतरले, झाकण उचललं. हौद काठोकाठ होता. शेजारी प्यायचे हंडे भरून, वर ताटल्या झाकून ठेवलेल्या. काकू किल्ली घेऊन त्यांच्या गेटशी उभ्या होत्या.

"आज जेमतेम अर्धा तास आलं," त्या म्हणाल्या. "आधी तुमचं भरून घेतलं."

"आणि तुमचं?" चार महिन्यांतला माझा पहिला शब्द.

"आहे गुडघाभर. एकटीला पुरतं."

तळं राखायचंय का, असं मी ज्या बाईला भर गल्लीत विचारलं होतं, ती हे म्हणत होती. मला स्वतःची लाज वाटली. मी सरळ आत गेले, लांब पाइप ओढत आणला, एक टोक मोटरीला जोडलं आणि दुसरं घेऊन गल्ली ओलांडली. काकू "अगं नको, अगं कशाला" करत राहिल्या. मी म्हटलं, "काकू, बोलू नका, झाकण उघडा." मोटर सुरू झाली आणि आमच्या हौदातलं पाणी समोरच्या घरी निघालं.

आबा आपल्या खुर्चीत बसून पाणी चाललेलं बघत होते. पाइपाला मध्येच एक भोक होतं, तिथून कारंजं उडत होतं आणि लेक त्यात बूट भिजवत होती. मला वाटलं, पाणी वाया जातंय म्हणून आता ओरडणार. पण ते नवऱ्याकडे वळले.

"लेका, तो कोळ्याचा नाच कसा व्हता?"

नवरा दचकला. "कुठला? तो? आबा, विसरलो मी."

"इसरला न्हाईस. दाव."

"आत्ता? इथं? बेचाळीस वर्षांचा घोडा आहे मी!"

"म्या आज पाळी सोडून आलोय," आबा म्हणाले. "दाव."

काकूंनी पदराआड हसू लपवलं. लेकीनं आपला रुमाल काढून बापाच्या हातात दिला. तो लाल नव्हता, त्यावर मांजरं होती. नवऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मांजरांचा रुमाल डोक्याला बांधला आणि भर गल्लीत, उडत्या पाण्याच्या कडेला, वल्हं मारायला लागला. गाणं त्याला येत नव्हतं, तो नुसता 'हैय्या हो' करत होता, पण पायांना सगळं आठवत होतं. दोन पावलं पुढे, एक मागे, कमरेत वाकून जाळं फेकायचं. लेक मासा होऊन त्या जाळ्यात शिरली. आबा टाळ्या वाजवत होते, सगळ्या चुकीच्या ठेक्यावर.

नाचता नाचता नवऱ्यानं मान वर करून समोर पाहिलं, गर्दीत कुणाला शोधावं तसं. गर्दी कसली, खुर्ची एकच होती, आणि तिच्यात एका अंगाला कललेली पांढरी टोपी होती.