हन्नामावशींचा नवस

हन्नामावशी कुणाच्याही घरी गेल्या की दारातूनच विचारायच्या, "ही पिशवी कोणाची?" लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या मराठी मंडळींच्या बैठकीत पिशव्यांचा ढीग ठरलेला. कुणीतरी "माझी" म्हणेपर्यंत मावशी काही टेकायच्या नाहीत. आम्ही हसायचो. "हसा लेको! तिकडे बेवारस पिशवी दिसली म्हणून अख्खा वर्ग बसमधून खाली उतरवलाय मी."

तिकडे म्हणजे इस्रायलमध्ये. मावशी मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. तरुणपणीच तिकडे गेल्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आणि १९९०च्या सुमारास मुलाकडे, म्हणजे आमच्या शेजारी राहायला आल्या. मराठी मात्र अस्सल अष्टागरातलं. भांडताना तर ते फारच खुलायचं.

सलमाशीही त्यांची ओळख भांडणातूनच झाली. सलमा वेस्ट बँकमधली पॅलेस्टिनी शिक्षिका, केंब्रिजला शिकायला आलेली. एका चर्चासत्रात दोघींची कडाडून जुंपली आणि भांडण अर्धवट राहिलं म्हणून मावशींनी तिला जेवायला बोलावलं. मावशींच्या मुलाला ते रुचलं नाही. मग दर रविवारी दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसू लागल्या.

दोन्हीकडच्या शाळांत चालेल असा एक धडा त्यांना लिहायचा होता. एकाच सकाळी शाळेला निघालेल्या दोन मुली. एक बसमध्ये जीव मुठीत धरून बसलेली, दुसरी नाक्यावर सैनिकांपुढे दप्तर उघडून उभी. मावशींची अट अशी, की नाक्यावरची मुलगी त्या स्वतः लिहिणार आणि बसमधली सलमाने लिहायची. "दाराला कुलूप हवंच गं," मला म्हणायच्या, "पण पलीकडे कोण राहतं हे पोरांना नको कळायला? एका जरी वर्गात हा धडा शिकवला गेला ना, तर एलियाहू हन्नाबीला मलिदा करीन." एलियाहू हन्नाबी म्हणजे त्यांचा प्रेषित; त्यांच्यात नवस फेडायचा तो असा, पोहे-खोबऱ्याच्या मलिद्याने.

मग एका आठवड्यात तिकडे बसमध्ये स्फोट झाला. मावशींची एक जुनी विद्यार्थिनी त्यात गेली. त्या रविवारी सलमा येणार नाही, असंच मी धरून चालले होते.

ती आली. दारातच तिने आपली पिशवी मावशींपुढे उघडून धरली.

मावशींचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी स्वतःच्या हाताने ती पिशवी बंद केली. मग आपली पर्स आणून टेबलावर उलटी केली: चष्मा, बसचा पास, आल्याच्या वड्या. "आता माझी बघ," त्या इंग्रजीत म्हणाल्या. दोघी रडल्या. मीही रडले, लपवायचं कशाला?

रडून झाल्यावर सलमाने बसमधली मुलगी वाचून दाखवली. मावशींनी एकच भर घातली. "ती घाबरलेली असली तरी डबा उघडते. मुलं उघडतातच."

पुढे धडा कुठेच लागला नाही. एका बाजूच्या शिक्षणखात्यातल्या साहेबांना तो भाबडा वाटला, दुसऱ्या बाजूच्यांना फितुरीचा. सलमा परत गेली. नंतरच्या हिवाळ्यात मावशी वारल्या. नवस तसाच राहिला. हॉलमध्ये पिशव्या पडलेल्या असायच्या आणि कुणी काही विचारत नसे. मला ते फार लागायचं.

एका दुपारी सलमाचा फोन आला. वर्गाचं दार लावून घेऊन तिने तो धडा आपल्या मुलींना शिकवला होता.

"काय म्हणाल्या गं मुली?"

"बऱ्याच जणी चिडल्या. एकीने मात्र विचारलं, बसमधली ती शाळेत पोचली का?"

फोन ठेवला आणि मी पोहे भिजत घातले. माझी लेक बघतच राहिली. "आई, बट वी आर नॉट ज्यूइश, ना?"

"नवस मावशींचा आहे," मी म्हटलं. "तू नारळ खवायला घे."