खाली कुठलं गाव

डॉल्फिन दाखवायला मीच वडिलांना कोकणात नेलं होतं. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. होडी किनाऱ्यापासून लांब गेली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. एका जागी बसवत नव्हतं, आणि डॉल्फिनचा पत्ता नव्हता. नावाडी म्हणाला, नशीब असेल तर देवमासाही दिसेल. मला फक्त किनारा दिसायला हवा होता.

शेवटी दोन काळ्या पाठी पाण्यावर आल्या. मी ओरडलो, "दादा, तिकडं बघा की!" वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. होडीच्या काठावरून वाकून ते सरळ खाली बघत होते. माझं डोकंच फिरलं. एवढ्या लांब आलो ते काय पाणी बघायला? पाणी तर मुळशीत आमच्या दारात होतं.

तेवढ्यात दादांनी नावाड्याला विचारलं, "हितं खाली कुटलं गाव हाय?"

नावाडी हसला. "गाव कसलं बाबा? पहिल्यापासून समुद्रच आहे हा."

मला हसता येईना. दादा लहान असताना त्यांचं गाव मुळशी धरणाखाली गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते आम्हाला त्यांच्या घराचं जोतं दाखवायला न्यायचे.

दादांनी पुन्हा वाकून पाण्यात बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी येवढं पानी, आन् कुनालाच उठवलं न्हाई?"