चाळीसातले बारा

बाकीच्या आया मुलींना फोन करून विचारतात, "जेवलीस का?" मी विचारते, "चष्मा लावलास का?" माझी तिजेन अंकारातल्या एका प्रयोगशाळेत लेझर बनवते आणि त्या लेझरचा प्रकाश दिसत नाही. दिसत नाही, पण डोळा घेऊन जाऊ शकतो. मी तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. न दिसणाऱ्या गोष्टी काय करतात ते मला माहीत आहे, म्हणूनच झोप लागत नाही.

तिचं काम मी तिच्याकडूनच शिकले, द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळता गुंडाळता. केसाएवढी बारीक काचेची तार, तिच्या गाभ्यात निओडिमियम नावाचं दुर्मीळ मूलद्रव्य. बाहेरून प्रकाश भरला की ते स्वतःचा प्रकाश टाकतं. पण त्याची एक आवडती तरंगलांबी आहे, ती मागितल्याशिवाय मिळते. तसले लेझर बाजारात पडलेत. तिजेनला हवी दुसरी, आखूड. तिच्यापासून पुढे निळा प्रकाश करता येतो आणि तांबं जोडायला निळाच लागतो. नेहमीचा तांब्यावरून परत फिरतो. पण ही आखूड तरंगलांबी निओडिमियम देतं आणि स्वतःच पुन्हा पिऊन टाकतं.

"मग सहज मिळतं तेच कर ना, पोरी," मी म्हटलं होतं.

"सहज मिळतं त्याला मी कशाला हवी, आई?"

तिचा उपाय म्हणजे तार घट्ट वेटोळ्यांत गुंडाळायची. वळणावर लांब तरंगलांबी बाहेर गळते, आखूड तगून राहते. फार घट्ट केलं तर तार तुटते. ती आणि तिचा सहकारी ओर्चुन वर्षानुवर्षं तारा तोडत होते. पैसे देणाऱ्या समितीला शब्द दिला होता वीस वॅटचा.

समितीची तपासणी जवळ आली तेव्हा विभागप्रमुख जेवदेत हॉजा हसत खोलीत शिरले. हॉजा म्हणजे गुरुजी; समोरासमोर 'हॉजाम' म्हणायचं, प्राध्यापक बाई असल्या तरी. प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या मीटरवर चाळीस वॅट होते.

"हॉजाम, यातले बाराच आपले," तिजेन म्हणाली. "बाकी सगळा बाजारातला प्रकाश आहे."

"मीटर तसं म्हणतोय का?"

"मीटरला रंग कुठे कळतो? त्याला फक्त ऊब कळते. आमच्या मांजराला कळते तेवढीच."

"मग बिचाऱ्याला छळू नकोस. समिती येईल, चहा पिईल, आकडा बघेल, जाईल. पुढचे पैसे मिळाले की कर तुझ्या बाराचे वीस."

रविवारी ती घरी आली. काम बंद पडलं तर या वयात तिला कोण घेणार, हीच माझी काळजी. मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस. फक्त गप्प राहा."

"तुझ्या दुकानात कुणी बाटलीत साखरपाणी भरलं असतं आणि वजन बरोबर दाखवलं असतं तर?"

"दुकानावर माझ्या नावाची पाटी होती. तिथे तुझं काय आहे?"

"माझी अकरा वर्षं आहेत," ती म्हणाली आणि सूप पीत बसली.

तपासणीचं मला ओर्चुनने सांगितलं. समितीतले तिघे मीटरसमोर वाकले होते. चाळीस. जेवदेत हॉजा अभिनंदन स्वीकारत होते. तेवढ्यात तिजेनने किरणाच्या वाटेत एक काच सरकवली, फक्त हवी तीच तरंगलांबी पुढे जाऊ देणारी. आकडा उतरत उतरत बारावर थांबला.

"बिघडलं का काही?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही. आत्ता नीट झालं."

"आणि उरलेले अठ्ठावीस?"

"ते कुणालाही विकत मिळतात, हॉजाम. ते बनवायला आम्ही बसलो नव्हतो."

जेवदेत हॉजा तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई गं, दहा मिनिटं दम धरवला नाही तुला?"

"दहा मिनिटांनी बाराचे वीस झाले असते का?"

बक्षीस कसलं मिळणार? समितीने दोन वर्षांऐवजी सहा महिने दिले आणि अट घातली: वीस वॅट हवेत, तेही ती काच मध्ये ठेवून. जेवदेत हॉजांनी प्रकल्पावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. पोलाद कापणाऱ्या गटात तिला जागा देऊ केली, पगारही तोच. ती म्हणाली, "सहा महिन्यांनी विचारा." माझी बहीण म्हणते मुलगी हट्टी आहे, तुझ्यावर गेली. गेली असेल.

आज दुपारी तिचा फोन आला.

"तुटली," ती म्हणाली. आवाज चक्क खुशीत होता.

"काय तुटली? हाताला लागलं का? चष्मा होता ना?"

"तार, आई. वेटोळं आणखी आवळलं. तुटायच्या आधी सोळावर गेली होती. काच मध्ये ठेवून."

"तुटली तर यात आनंद कसला?"

"कुठवर आवळायचं ते कळलं. आता त्याच्या केसभर अलीकडे थांबायचं आणि तार लांब घ्यायची."

"आणि नाहीच झाले वीस तर?"

"तर सोळा सांगेन."