मासा की पान

सिस्टर निवृत्त झाल्या आणि घरातल्या वस्तूंवर संक्रांत आली.

जन्मभर त्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. गल्लीतही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. डॉक्टरांनी मान वर न करता नुसता हात पुढे करायचा आणि त्या हातात नेमकं हवं ते ठेवायचं, कात्री तर कात्री, चिमटा तर चिमटा, हे त्यांचं काम. आता त्याच शिस्तीत ओट्यावर झारे, सुऱ्या आणि चमचे मांडले जाऊ लागले. इथवर ठीक होतं. पण एका सकाळी त्यांनी नवऱ्याचं दुकान आवरलं.

नवरा म्हणजे मिक्सरवाले. घराच्या पुढच्या खोलीत ते मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करत. टेबलावरचा पसारा परक्याला पसारा वाटे. मिक्सरवाल्यांना मात्र कुठल्या ढिगात काय आहे ते डोळे मिटून सापडे. सिस्टरांनी तिथले सगळे स्क्रू गोळा केले, उकळत्या पाण्यात धुतले, पुसले आणि उंचीप्रमाणे रांगेत लावले.

"अगं, यातला कुठला स्क्रू कुठल्या मिक्सरचा, हे आता मी कसं ओळखू?" मिक्सरवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"स्वच्छ झालेत पण सगळे."

"ते आजारी नव्हते गं!"

दुसऱ्याच दिवशी ते वाचनालयाच्या फळ्यावरून एक चिटोरा घेऊन आले. लाकडी ठशांनी कापडावर छपाई शिकवणार, असं त्यावर लिहिलं होतं. "तुझा हात स्थिर आहे, जमेल तुला. जा," ते म्हणाले. आणि सिस्टर गेल्या. कोणी सांगितलं की करायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की आपल्याला जायचंय का हा प्रश्न त्यांच्या मनातसुद्धा आला नाही.

वर्ग सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर होता. मधोमध एक लांबलचक टेबल, त्यावर घोंगड्यांचे थर आणि वर ताणून टाचलेलं सुती कापड. पसरट ताटांमध्ये स्पंज, स्पंजावर जाळी आणि जाळीतून वर आलेला रंग. सिस्टरांना बरं वाटलं. ट्रे होते, कापड होतं, पुसायला फडकी होती. हे सगळं आपल्या ओळखीचं आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं.

शिकवणाऱ्या बाईंच्या कोपरापर्यंत रंग होता आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी एकदा करून दाखवलं. ठसा रंगावर हलकेच टेकवायचा, कापडावर सरळ उतरवायचा, वरून मुठीनं एक धपका द्यायचा आणि सरळ उचलायचा. "बस. मागे ठसे ठेवलेत. घ्या ज्याला जो आवडेल तो."

बाकीच्या बायका उठल्या आणि बघता बघता फळीवरचे ठसे गेले. फुलं गेली, वेली गेल्या, हत्ती गेला. सिस्टर उभ्याच.

"घ्या ना," बाई म्हणाल्या.

"कुठला घेऊ?"

"आवडेल तो."

"हो, पण कुठला?"

बाईंना वाटलं यांना कमी ऐकू येतं. त्यांनी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. सिस्टरांचा हात फळीपाशी जाऊन थबकला. थिएटरमध्ये त्यांचा हात कधी थबकला नव्हता. पण तिथे दुसऱ्या कोणाला तरी काहीतरी हवं असायचं. इथे कोणालाच काही नको होतं. शेवटी फळीवर एकच ठसा उरला, तेलानं काळा पडलेला, मुठीला झिजलेला, आणि तो त्यांनी घेतला.

उमटला तेव्हा तो एक ठिपका होता. म्हणजे ठिपक्याहून मोठा, हाताच्या तळव्याएवढा, एका अंगाला फुगलेला, दुसऱ्या अंगाला आत गेलेला आणि खाली जरा निमुळता. आत रेष नाही, डोळा नाही, देठ नाही.

"हे काय आहे?" सिस्टरांनी विचारलं.

बाईंनी मान तिरकी केली. "मलाही नक्की नाही सांगता यायचं. कोणीतरी जुने ठसे देऊन गेलं होतं, त्यातला आहे. तुम्हाला काय वाटतं?"

सिस्टरांना काय वाटत होतं ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. त्यांना ते सरळसरळ जठर वाटत होतं.

त्या ठसा घरी घेऊन आल्या, शिवाय रंगाचा डबा. घरी उशीचा एक अभ्रा छापून तो त्यांनी मिक्सरवाल्यांपुढे धरला.

"वा! मासा," ते म्हणाले.

"मासा?"

"मग काय! हे पोट, ही शेपटी. चांगला पोसलेला मासा आहे."

संध्याकाळी नणंदबाई आल्या. पलीकडच्याच गल्लीत राहायच्या आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असायचं. त्यांनी अभ्रा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "वहिनी, पान छान आलंय हो."

"ताई, तो मासा आहे," आतून मिक्सरवाले ओरडले.

"तुझ्या डोळ्यांवर झापडं आहेत. देठ दिसत नाही तुला?"

"देठ कुठाय? ती शेपटी!"

भाऊबहिणीचं लहानपणापासून कुठल्या ना कुठल्या कारणानं वाजायचंच. आता त्यांना नवं कारण मिळालं. चहा निवला तरी दोघं अभ्र्याची दोन टोकं धरून होते. सिस्टर एकदा नवऱ्याकडे बघत, एकदा नणंदेकडे. नवऱ्यानं मासा म्हटलं की त्यांना मासा दिसे, नणंदेनं पान म्हटलं की पान. दोघं गप्प झाले की पुन्हा जठर.

त्यांनी पलंगपोस छापायला घेतला. कापड धुऊन खळ काढली, इस्त्री केली, जेवणाच्या टेबलावर घोंगडी अंथरून वर ताणलं. दोऱ्यानं सरळ रेघा आखल्या. इथपर्यंत काही अडलं नाही. मग पहिला ठसा उचलला आणि अडलं. वर कुठली बाजू? मासा असेल तर तो आडवा हवा. पान असेल तर उभं. एक रांग त्यांनी माशाची छापली, मग मन बदललं आणि पुढची पानाची. तिसऱ्या रांगेत त्यांना वाटलं, आधीचंच बरं होतं. मधेच मिक्सरवाले पाणी प्यायला आले आणि म्हणाले, "हा एक मासा मेलाय वाटतं, उलटा तरंगतोय."

सिस्टरांनी फडकं टेबलावर आपटलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी काही आपटल्याचं मिक्सरवाल्यांना आठवत नव्हतं. ते पाणी न पिताच बाहेर गेले.

"मला एकदा कळू दे हे आहे तरी काय," सिस्टर स्वतःशीच म्हणाल्या, आणि ठसा पिशवीत टाकून बाईंकडे गेल्या.

या वेळी बाईंनी ठसा खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. कोपऱ्यात खिळ्याच्या टोकाएवढी एक खूण होती. "अहो, हा एकटा ठसा नाहीच," त्या म्हणाल्या. "एक ठसा रेघेचा असतो, तो चित्र काढतो. दुसरा भरणीचा, तो आत रंग भरतो. ही खूण दोन्ही एकमेकांवर नीट बसावेत म्हणून. तुमचा हा भरणीचा. रेघेचा कुठेतरी हरवलाय."

"मग रेघेचा होता तो कसला होता?"

"ते कसं कळणार? मिस्त्रींना विचारून बघा. ते ठसे कोरतात."

मिस्त्रींचं दुकान लाकडाच्या वखारीमागे होतं. मांडीवर लाकूड, हातात पटाशी, भुवयांवर भुसा. सिस्टरांना हायसं वाटलं. इथे उत्तर मिळणार. मिस्त्रींनी ठसा उलटासुलटा केला, अंगठा फिरवला.

"लाकूड चांगलं आहे," ते म्हणाले.

"पण मासा आहे की पान?"

"रेघेशिवाय ते काहीच नाही, बाई. नुसता रंग. मासा हवा तर मासा कोरून देतो, पान हवं तर पान. तुम्हाला काय हवंय?"

पुन्हा तेच! सिस्टरांच्या डोक्याचा पार भुगा झाला. "अहो, मी तुम्हाला विचारायला आले, आणि तुम्ही मलाच विचारताय."

"पलंगपोस कोणाचा?" मिस्त्री शांतपणे म्हणाले. "तुमचा ना? हा कागद न्या. ठशावर ठेवून पेन्सिल घासा, आकार उमटेल. भोवती काय काढायचं ते काढून आणा."

तो पातळ कागद बरेच दिवस टेबलावर पडून राहिला. आकार उमटला होता, भोवती काही नव्हतं. मिक्सरवाले येता जाता म्हणत, "एक डोळा काढ, विषय संपव." नणंदबाई म्हणत, "मधोमध एक शीर काढ वहिनी, झालं." सिस्टर मान डोलावत आणि पेन्सिल खाली ठेवत. एकदा डोळा काढला आणि खोडला. शीर काढली, खोडली. आपल्याला दोन्ही नकोय एवढं त्यांना कळत होतं, पण काय हवंय तिथे नुसतं धुकं. रडू येण्याइतकी ही गोष्ट मोठी नव्हती, आणि तरी एका दुपारी कागदाकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्याच दुपारी त्यांनी आकाराच्या कडेनं पेन्सिल सोडली, जिकडे जाईल तिकडे. रेघ फुगीर अंगावरून गेली, आतल्या वळणात शिरली, निमुळत्या टोकाशी दोनदा वळली आणि थांबली. ते कशाचं चित्र नव्हतं.

मिस्त्रींनी कागद बघितला. "हे काय आहे?"

"माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि मग घाईनं, कोणी हिसकावून घेईल अशा भीतीनं, "पण असंच हवंय."

"हवंय ना, मग झालं. आता हे सांगा, हे ठशावर असं दिसायला हवं की कापडावर? ठसा उलटा असतो, कापडावर सुलटं उमटतं."

सिस्टरांनी विचार केला. ठसा उलटा, कापड सुलटं, कागद मात्र ठशावर ठेवून घासलेला, म्हणजे उलट्याचा उलटा की उलट्याचा सुलटा? डोळ्यांपुढे सगळं गरगरलं. "कापडावर," त्या म्हणाल्या, कारण कापड त्यांचं होतं.

चुकलं. आकार ठशावरूनच कागदावर उतरलेला, तेव्हा 'ठशावर' म्हणायला हवं होतं. नवा ठसा आला, त्यांनी पलंगपोसावर आधी छापलेल्या एका आकारावर खुणेला खूण लावून तो बसवला, धपका दिला, उचलला, आणि बघतच राहिल्या. रंगाचं पोट डावीकडे होतं, रेघेचं उजवीकडे. दोघं एकमेकांकडे पाठ करून, मधल्या पट्ट्यात एकमेकांत घुसलेले.

सिस्टरांचा हात आपोआप मागे गेला. चूक झाली की थिएटरमध्ये जी शांतता पसरते तिची त्या वाट बघत राहिल्या. आता कोणीतरी ओरडेल. आता काहीतरी बंद पडेल.

पुढच्या खोलीत मिक्सरवाले एक पंखा फिरवून बघत होते. गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. टेबलावर रंग वाळत होता. कोणालाही काहीही झालं नव्हतं.

सिस्टर खुर्चीवर बसल्या. हे काय आहे, हे त्यांना समजेना. चूक तर डोळ्यांसमोर होती, चांगली ठसठशीत, आणि तिच्यामुळे जगात कुठेही रक्ताचा थेंब सांडला नव्हता. असंही असतं? मग इतकी वर्षं छातीत जे घट्ट धरून ठेवलं होतं, त्याचं आता करायचं काय? त्या उठल्या आणि शेजारच्या आकारावर मुद्दाम तसाच दुसरा ठसा मारला.

मिक्सरवाले आत आले. कापडावर वाकून म्हणाले, "आता हे काय?"

"चुकलंय."

"मिस्त्रींकडून बदलून आणू?"

"नको."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला मासा दिसतोय का अजून?"

त्यांनी डोळे बारीक केले. "शेपटी दिसतेय. पण ती तिसऱ्याच कोणाची तरी आहे."

सिस्टरांना हसू फुटलं. मग ते वाढलं आणि आवरेना. हसता हसता त्यांना टेबलाला धरावं लागलं. मिक्सरवाल्यांना आपण काय एवढं बोललो ते कळलं नाही, पण तेही हसायला लागले.

पलंगपोस पुरा झाला. आडव्या रांगा आडव्या आणि उभ्या उभ्याच राहिल्या. इस्त्री करून रंग पक्का केला, धुतला, वाळवला. नणंदबाई बघायला आल्या, दोनदा चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वहिनी, पान कुठे गेलं?" सिस्टर म्हणाल्या, "ताई, मलाही सापडत नाहीये." जाताना दाराशी वळून नणंदबाईंनी आपल्यासाठीही एक मागितला, रंग मात्र निळा.

पलंगपोस पलंगावर घालायची वेळ आली तेव्हा नवरा-बायको दोन बाजूंना उभे राहिले. उशाची बाजू कुठली? त्यांनी एकदा असा घातला, एकदा तसा. मिक्सरवाले म्हणाले, तुझा आहे, तू सांग. सिस्टरांनी बोट ओठांवर ठेवून पुष्कळ विचार केला आणि मग तो आडवाच टाकला. पायांकडून चांगला वीतभर आखूड पडला. तिथून खालची गादी दिसत राहिली.