तिसरं कडवं आणि प्लायवूडचं छत

आमच्या बालाघाटच्या चर्चबद्दल बोलताना लोक अजूनही आवाज खाली आणतात. मी आणत नाही. मी त्या चर्चच्या कॉयरमध्ये गायले आहे, आणि आतून पाहिलेल्या गोष्टीबद्दल माझा आदर फार टिकत नाही.

इमारत देखणी होती, हे मान्य. विटांच्या जाड भिंती, त्यांना बाहेरून दिलेले दगडी टेकू, वर टोकाला जाऊन मिळणाऱ्या अरुंद उंच खिडक्या आणि वेदीमागे एक रंगीत काच. गोऱ्या मिशनऱ्यांनी आपल्या गावाकडचा नकाशा उचलून आमच्या उन्हात उभा केला. बर्फ घसरून पडावं म्हणून तीव्र उताराचं छप्पर. बालाघाटात त्यावरून फक्त माकडं घसरली. आत छप्पर पेलणाऱ्या सागाच्या कैच्या आणि त्यांच्यावर इतकी पोकळी, की पाळकसाहेबांच्या तोंडून निघालेलं वाक्य वर जाऊन फिरायचं, मागून आलेल्या वाक्याला गाठायचं आणि दोन्ही मिळून खाली यायची. प्रवचनातलं अक्षर कुणाला कळत नसे. त्यामुळेच मंडळी पाळकांना मोठे विद्वान समजत.

या घुमण्यावर सगळ्यात जास्त पोसला गेला तो माझा मामा.

राज्यांची फेररचना झाली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, आणि आमची उपासना हळूहळू हिंदीत गेली. मराठीच्या वाट्याला एकच गीत उरलं. नाताळच्या सकाळी मामाने एकट्याने उभं राहून म्हणायचं. तीन कडवी. काळा कोट घालून, एक हात खांबावर ठेवून तो असा उभा राही, की जणू चर्च त्याच्या आधारावरच आहे. घरी त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. चर्चमध्ये तोच आवाज छप्पर मोठा करी, गोल करी आणि बायकांच्या डोळ्यांत पाणी आणी.

शिवाय एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती, कारण मी त्याच्या शेजारी उभी असे. तिसरं कडवं तो पार विसरला होता. पुस्तकात बघायचं तर चष्मा लागणार, आणि चष्मा लावला तर वय कळणार. म्हणून त्या जागी तो जे सुचेल ते लांबवून गाई.

‘‘मामा, तिसऱ्या कडव्यात भाजीबाजार काहून भरवता गा?’’ मी एकदा विचारलं.

‘‘तुले ऐकू आलं?’’

‘‘बाजूलेच तर होती मी. वांगे, मेथी, सांबार, सारं ऐकलं.’’ सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.

‘‘तुले आलं, दुसऱ्याले नाही आलं. छपराले समजते काय झाकाचं ते.’’ मग इकडेतिकडे पाहून म्हणाला, ‘‘बोलू नको कोठी. हे पाळक वाटच पाहून राह्यले. एक चूक सापडली का मराठी बंद.’’

म्हणजे मामाची शान आणि आमचं एकुलतं एक मराठी गीत, दोन्ही त्या पोकळीत लटकलेली. आणि नेमकं तेव्हाच भरवेलीच्या मँगनीज खाणीतले एक बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, चर्चच्या पंचकमिटीत निवडून आले. बाबूंनी आयुष्यात सुंदर अशी एकच वस्तू पाहिली होती, साहेबलोकांच्या क्लबाचं सपाट छत आणि त्याला टांगलेले पंखे. चर्चलाही तसंच करायचं, असं त्यांनी सभेत मांडलं.

मामा उठला. ‘‘हे छप्पर म्हणजे देवापुढं जोडलेले हात हायेत! जोडलेल्या हाताच्या मधात तुमी फळी ठोकता?’’

दोन बायका तिथेच रडल्या. बाबू शांतपणे म्हणाले, ‘‘भाईसाहब, हाथ ज़रूर जोड़िए. मगर पसीना तो पोंछने दीजिए.’’

मत घेतलं. रडलेल्या दोघींनीही पंख्यांसाठी हात वर केला.

छत झालं. प्लायवूडचं, त्यावर पिस्त्याच्या बर्फीचा रंग. ते खिडक्यांच्या कमानींना आडवं कापून गेलं, त्यामुळे आतून सगळ्या खिडक्या मुंडकं उडवल्यासारख्या दिसत. रंगीत काचेचा वरचा अर्धा भाग छताच्या वर राहिला, वटवाघळांच्या दर्शनासाठी. पंखे मात्र हिवाळ्याच्या तोंडावर आले, एकदा फिरवून पाहिले आणि थंडी म्हणून बंद ठेवले. बाबू दारात उभे राहून प्रत्येकाला ‘‘कैसा लगा?’’ विचारत, आणि प्रत्येकजण ‘‘एकदम क्लब जैसा’’ म्हणे. त्याहून मोठी स्तुती आमच्या मंडळीच्या डोक्यात मावत नव्हती.

पहिल्याच रविवारी प्रवचन ऐकू आलं. स्पष्ट, शब्दन् शब्द. दुसऱ्या रविवारीही आलं. तिसऱ्या रविवारी लोकांच्या लक्षात आलं, की हे एकच प्रवचन आहे. पाळकसाहेबांच्याही लक्षात आलं, की लोकांच्या लक्षात आलं आहे. ते वाळू लागले.

इकडे नाताळ जवळ आला आणि मामाची भूक गेली.

‘‘मंग चष्मा लावा ना,’’ मामी म्हणाली.

‘‘साऱ्या मंडळीसमोर? म्हातारा दिसन मी.’’

‘‘दिसन काय, हायेच.’’

मी कडवं पाठ करून देते म्हटलं, तर ‘‘भाचीपासून शिकू?’’ म्हणत उठून गेला.

नाताळच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. सगळे शाली-मफलरात. मामाने खांब धरला आणि सुरुवात केली. छताखाली आवाज तसाच पडला, जसा होता तसा, पत्र्याचा. पाळकसाहेबांनी भुवया उंचावल्या. दोन कडवी रखडत संपली. मामा थांबला. त्याने रुमाल काढून कोरडं कपाळ पुसलं आणि समोर पाहून गरजला,

‘‘बड़े बाबू! पंखे चलाइए! सब के सब!’’

मंडळींनी शाली आवळल्या. बाबूंचा चेहरा मात्र नवरदेवासारखा फुलला. कट्टर विरोधकाने भर उपासनेत पंखा मागितला होता! ते धावले, एकेक बटण दाबलं. ते पंखे जुन्या बाजारातून आणलेले. फिरू लागले की गिरणी सुरू झाल्यासारखी खडखड. आणि त्या खडखडीत मामाने तोंड वासून, डोळे मिटून, वांग्यापासून सांबारापर्यंत अख्खा बाजार गाऊन काढला. मला तो ओठांवरून कळला, ऐकू मलासुद्धा आला नाही. मंडळी दातावर दात वाजवत, भक्तिभावाने काकडत उभी होती. एक लेकरू किंचाळलं, त्यालाही आईने शालीत कोंबलं. बाबू डोळे पुसत होते.

गीत संपलं. बाबू पंखे बंद करायला उठले, तर पाळकसाहेबांनी हात करून त्यांना बसवलं.

‘‘चलने दीजिए,’’ ते म्हणाले, आणि झगा घट्ट लपेटून प्रवचनाला उभे राहिले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा निवांत दिसत होते.

मराठी गीत ठेवायचं की काढायचं, हा विषय त्यानंतर कमिटीत निघाला नाही. पुढच्या नाताळाला पाळकसाहेबांनी स्वतःच, प्रवचनाच्या अगदी आधी, मामाला बोलावलं. आम्ही दोन-दोन स्वेटर घालून गेलो.